भिंतीच्या दोन्ही बाजूंची कोरियन मालिका

बाई, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की हे कळवायला हरकत नाही. ज्याला तुम्ही संस्कृत नाटकाचे नियम घोटून पाजलेत, तो तुमचा विद्यार्थी हल्ली दुपारच्या वेळी कोरियन मालिका बघतो. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये, भोजन दाखवू नये, चुंबन दाखवू नये, असं तुम्ही शिकवलं होतंत. त्यातला तिसरा नियम कोरियन लोक तुमच्याहून कडकपणे पाळतात, निदान अर्धी मालिका संपेपर्यंत. पहिल्या दोन नियमांबद्दल मात्र न बोललेलं बरं. माणूस मरायला टेकलेला असतो तरी शेजारी कुणीतरी शेवया ओरपत असतं.

हे व्यसन मला लावलं आक्कांनी. भूगावच्या गावठाणात त्यांच्या घरातल्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या आहेत. सत्तरीच्या आहेत, आवाज शेतावरचा, आणि मी आयुष्यात एक दिवस शाळेत शिकवलेलं नसताना मला मास्तर म्हणतात. नातीने त्यांना टीव्हीवर ही मालिका लावून दिली आणि ती हिंजवडीला नोकरीवर निघून गेली. पात्रं बोलतात कोरियन, खाली ओळी येतात इंग्रजी, आक्कांना दोन्ही येत नाही. तेव्हा त्या ओळी मी मोठ्याने मराठीत सांगायच्या असं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका, भाडेकरूला विचारायची पद्धत नाही. सुरुवातीला मी तुमच्यासारखाच आधी प्रसंग, मग भाव, मग अर्थ असा सांगू लागलो, तर आक्का म्हणाल्या, "मास्तर, ती काय म्हनली तेवढं सांगा. कीर्तन नगं."

कथा अशी. नायकाच्या गाडीखाली नायिकेचा भाऊ गेलेला. नायक तुरुंग भोगून येतो आणि कुणाला न सांगता त्याच मुलाच्या आईच्या खानावळीत भांडी घासायला लागतो. नायिकेचं त्याच्यावर प्रेम बसतं. मग खरं बाहेर येतं आणि मायलेकी त्याच्याशी बोलणं टाकतात. पुढचे कितीतरी भाग तो पावसात उभा राहतो. "छत्री हाय की हातात," आक्का म्हणायच्या. "उघड म्हनावं बाबा." मी म्हटलं, पश्चात्ताप आहे तो. "व्हय, पन फुफ्फुसं बी हायेत."

आता खरी गोष्ट. आक्कांच्या अंगणात मधोमध एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे त्यांची धाकटी जाऊ राहते. घराची वाटणी झाली तेव्हा सगळं रीतसर निम्मं निम्मं झालं, अडलं ते सासूच्या पाट्या-वरवंट्यावर. दोघींपैकी एकही मागे सरेना. शेवटी वैतागलेल्या पंचांनी पाटा थोरलीला दिला आणि वरवंटा धाकटीला. तेव्हापासून दोघींनी मिक्सर घेतले आणि एकमेकींशी बोलणं सोडलं. पाट्यावर आक्का तुळशीची कुंडी ठेवतात. वरवंटा पलीकडे दाराला अडणी म्हणून असतो. दोघींचे नवरे वारले, त्या दिवसांतही दोघी एकमेकींच्या दारात जाऊन बसल्या आणि एक शब्द न बोलता परतल्या.

एका दुपारी माझा घसा बसला होता, म्हणून मी हळू सांगत होतो. भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, जरा मोट्यानं. हितं ऐकू येत न्हाई." तेव्हा कळलं की धाकटी रोज भिंतीला खुर्ची लावून ऐकते. तिच्याकडे मोठा टीव्ही आहे, पण मास्तर नाही. आक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, सांगा तिला, फुकट ऐकनाऱ्यानं तक्रार करू नये." पलीकडून उत्तर, "मास्तर, सांगा त्यांना, आवाज काय कुनाच्या वाटनीला आल्याला न्हाई." मी कुणालाच काही सांगितलं नाही. दोघींना सगळं ऐकू गेलं होतं. पण त्या दिवसापासून मी मोठ्याने सांगू लागलो, आणि पावसात उभ्या नायकाला दोन्ही बाजूंनी शिव्या बसू लागल्या.

शेवटच्या भागाच्या ऐन मध्यात लाईट गेली. नायक बॅग घेऊन खानावळीच्या दारात उभा, आई त्याला काही बोलणार, आणि पडदा काळा. पलीकडे मात्र खोल्या हिंजवडीच्या पोरांना भाड्याने दिलेल्या, म्हणून इन्व्हर्टर. पंखा फिरल्याचा आवाज स्पष्ट येत होता. मग धाकटी म्हणाली, "मास्तर, तुमी या की हिकडं. कुनाला संगं आनायचं असंल तर आना." आक्कांनी पदर सारखा केला, परत सोडला, परत केला. "मास्तर एकटं कसं जातील," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या. दारातल्या वरवंट्याकडे न बघता त्यांनी उंबरा ओलांडला. पलंगावर दोघी दोन टोकांना बसल्या. मध्ये मी.

तिच्या मोठ्या टीव्हीवर मी तोच भाग लावला. नायक दारात. आई शेवयांचा वाडगा त्याच्यापुढे ठेवते आणि एकच वाक्य बोलते. ते वाक्य मी सांगितलं, "आधी जेव. रडणं कुठं पळून जात नाही."

पडद्यावर तो जेवू लागला. मग धाकटी माझ्या डोक्यावरून म्हणाली, "आक्का, जेवलाव का?"

आक्का टीव्हीकडेच बघत होत्या. "न्हाई."

"भाकरी टाकते."

"टाक. पन मीठ बेतानं. तुझ्या हाताला अंदाज न्हाई, पयल्यापास्नं."

मला वाटलं झालं, पुन्हा भिंत. पण धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमी हायात की चाखायला." दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती पाट्यावर मिरची वाटल्याच्या आवाजाने. तुळशीची कुंडी जमिनीवर होती. वरवंटा कुणाच्या हातात होता ते बघायला मी गेलो नाही. तिथे भाडेकरूचं काम नसतं.

पण बाई, पंचाईत पुढेच आहे. येत्या रविवारी आक्कांची नात येतेय. दोघी तिला तो शेवट पुन्हा लावायला सांगणार आहेत, आणि तिला इंग्रजी वाचता येतं. तुम्हाला आठवतं? नाटकातली मुलगी सासरी निघते तो प्रवेश वर्गात वाचताना मला हुंदका आला, तेव्हा तुम्ही पुस्तक मिटून म्हणालात, "रस चाखायचा असतो, त्यात पोहायचं नसतं." आणि शाळा सुटल्यावर पौडला तुमच्या घरी नेऊन मला चुलीपाशी बसवलंत. पिठलं-भात वाढलात, आणि मी तरी रडतोच आहे असं बघून एक वाक्य बोललात.

पडद्यावरची ती ओळ मला दिसलीच नाही, बाई. डोळ्यांत पाणी होतं. त्या कोरियन आईने काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. मी तुमचं वाक्य सांगितलं.