दोन पेट्यांची एक पेटी

कोरेगाव
८ जून १९९६

प्रिय कपिलदादा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तर लांबलं, त्याला कारण बाबांच्या माश्या.

उन्हाळ्यात फुलोरा नव्हता, दोन्ही मधपेट्या खंगल्या. आंब्याखालच्या पेटीत तीन चौकटींवर माश्या उरल्या होत्या, विहिरीजवळच्या पेटीत जेमतेम दोन. वेगळ्या ठेवल्या असत्या तर पावसाळ्यात दोन्ही संपल्या असत्या. अशा वेळी बाबा दोन पेट्या एक करतात हे मी पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. झटक्याला पाच महिने झाले तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. डावा हात तेवढा हलतो.

आधी अळ्या तपासल्या. एका पेटीत रोग असता तर दोन्ही बुडाल्या असत्या. मग विहिरीजवळची पेटी रोज संध्याकाळी दोन हात सरकवत आंब्याखाली आणली. एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत, एक काढावी लागते. बाबांना खुर्चीत बसवून परड्यात नेलं आणि विचारलं, "कुठली राणी ठेवू?" त्यांनी विहिरीजवळून आणलेल्या पेटीकडे हात केला. मला वाटलं, ती ठेव म्हणतात. आई म्हणाली, "आगं, ती काढ म्हणत्यात. दोनच चौकटी हायत तिच्यात." पुन्हा विचारलं, हात पुन्हा तिकडेच. मी आईचं ऐकलं, ती राणी काढली.

दुसऱ्या दिवशी आंब्याखालच्या पेटीवर वर्तमानपत्राचा कागद अंथरला, सुईनं चार भोकं पाडली आणि बिनराणीच्या माश्या वर ठेवल्या. त्यांनी कागद कुरतडेपर्यंत दोन्ही पेट्यांतल्या माश्यांचा वास एक झाला. भांडण नाही, मेलेल्या माश्या पाच-सहाच. आठ दिवसांनी उघडलं तर ताजी अंडी होती.

काम नीट झालं, दादा. पण मी राणी चिमटीत धरली तेव्हा बाबांनी डोळे मिटले. ऊन लागलं असेल, किंवा दमले असतील. तेव्हापासून ते पेटीकडे बघत नाहीत. ती राणी त्यांनी झटक्याच्या महिनाभर आधी डोंगरातल्या कपारीतून स्वतः आणलेली, हे मला नंतर आठवलं. की तेव्हाच आठवलं होतं? आता सांगता येत नाही.

तू लिहिलं होतंस, बाबांना विचार, कायमचे शिरवळला येतील का, म्हणजे मी मोठी खोली बघतो. मी विचारलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं. आई म्हणते, "व्हय म्हणाले." मला तसं वाटलं नाही. पण खरं सांगायचं तर मी थकले आहे, त्यांना तू न्यावंस असं माझ्याही मनात आहे, म्हणून माझ्या समजण्यावर माझाच भरवसा उरलेला नाही. त्यांच्या वतीनं मी काहीच लिहीत नाही. खोली ठरवायच्या आधी तू ये, त्यांच्यासमोर बस आणि तूच विचार.

वाट बघणारी,
तुझीच धाकटी,
स्वप्ना