भाकरी गोल होईपर्यंत

आई, मी तुझ्या स्वयंपाकघरात कॅमकॉर्डर घेऊन उभी होते तो दिवस. विंझरच्या घरी तू चुलीपुढे बसून भाकरी थापते आहेस आणि मी, महाविद्यालयात शिकवणारी तुझी धाकटी, तिसऱ्यांदा सांगते आहे की तव्यावर टाकताना क्षणभर थांब, उजेड नीट येत नाही. "भाकर थांबत न्हाई कुनासाठी," तू म्हणालीस. मग भाजलेली भाकरी उचलून थेट कॅमेऱ्यासमोर उभी धरलीस. "घे, ही थांबली. आन् म्या ह्यात लई जाड तर दिसत न्हाई ना?" ध्वनिमुद्रण बिघडेल म्हणून मी उत्तर दिले नाही.

तू गेल्यावर त्या फायली वर्षानुवर्षे पडून होत्या. मागच्या महिन्यात ताईने तुझी पाच मिनिटांची फिल्म मागितली. माझ्याकडचे साधे एडिटिंगचे सॉफ्टवेअर त्या जुन्या फायली उघडेना, म्हणून मी त्या एमपीफोरमध्ये रूपांतरित केल्या. आवाज आला, चित्रही आले. पण दोन्ही बाजूंनी दाबलेले. तू उंच, गाल बसलेले, मनगटांच्या काड्या. रुग्णालयातल्या शेवटच्या दिवसांत दिसायचीस तशी. कारण मला तत्काळ कळले. तो कॅमेरा प्रत्येक चित्रणासोबत एक इवलीशी फाईल करत असे आणि चित्र रुंद आहे की अरुंद, याची नोंद तिच्यात असे. त्या इवल्या फायली उघडत नव्हत्या, काही दाखवत नव्हत्या. म्हणून मी त्या कचरा समजून पुसल्या होत्या, आणि फोल्डर नीटनेटके झाल्याचे समाधानही मानले होते. तू तांदूळ चाळून कणी वेगळ्या डब्यात ठेवायचीस. मी म्हणायचे, टाकून दे. "बारीक हाय म्हनून टाकत्यात व्हय? येवढी शिकलीस, कोंडा कुठला आन् कणी कुठली ते कळंना तुला."

मी ते चित्र पाहत असतानाच ताई आली. पडद्यापुढे उभी राहिली. "आई येवढी कवा वाळली गं? आजार तर पुढच्या सालाला कळला." विद्यार्थ्यांच्या प्रत्येक निराधार विधानाखाली लाल रेघ ओढणारी मी म्हणाले, "तेव्हापासूनच वाळत गेली असेल." ताईने पडद्यावर तुझ्या गालावर बोट ठेवले. मग म्हणाली, "मी दर आठवड्याला यायची नसरापूरवरनं. एसटीतनं उतरले की पयलं तिच्या तोंडाकडं बघायची. मला कसं दिसलं न्हाई?" मी चहा ठेवायला आत गेले. नंतर दोनदा तिचा फोन आला. दोन्ही वेळा तिने हेच विचारले.

काही चित्रणे मी रुंद घेतली होती, काही अरुंद. कोणते कसे, हे सांगणारे आता काही उरलेले नाही. म्हणून प्रत्येकात एखादी गोल वस्तू शोधते. काल तुझी ती उभी धरलेली भाकरी सापडली. पडद्यावर ती अंड्यासारखी लांबट होती. मी चित्र थोडे थोडे रुंदावत गेले. तुझे गाल भरले, बांगड्या हातात घट्ट बसल्या, भाकरी गोल झाली. पूर्ण गोल नव्हे. अंगठ्याकडची कड तुझ्या प्रत्येक भाकरीसारखी बसकी राहिली. एरवी मी ते खपवून घेतले नसते. काल त्या बसक्या कडेवरूनच खात्री पटली की माप बरोबर आहे. तू वाळली नव्हतीस. चांगली जाड होतीस, आणि तुझ्या प्रश्नाचे हे उत्तर द्यायला मी फार उशीर केला.

उद्या पेनड्राईव्ह घेऊन नसरापूरला जाते आहे. चूक चित्रात होती, ती मी केली होती, आणि ताईच्या नजरेतून काहीही सुटले नव्हते, एवढी तीन वाक्ये तिला सांगायची आहेत. हे पत्र त्या तीन वाक्यांसाठीच लिहिले. सराव केल्याशिवाय मला चूक कबूल करता येत नाही, आई. आणि तू मध्ये बोलणार नाहीस, म्हणून आधी तुला सांगितले.