भुताचे पाय

ता. ४ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा कसा आहे? पन्नाशीत जिना धावत उतरलं की असंच व्हायचं. शिंगरू नाहीस आता!

मुलांसाठी भुताखेतांच्या तपासाचं पुस्तक लिहितेय, त्यात आपली गोष्ट घेतलीय. बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान रविवारी बंद. आईबाबा दुपारी झोपायचे आणि आपल्याला शेजारी शिंप्याकडे खेळायला पिटाळायचे. तरी बंद दुकानातून खुडखुड यायची, आणि शनिवारी उघडी पडलेली घड्याळं सोमवारी टिकटिकत असायची. मग तू, मी आणि शिंप्याची नकटी, तिघांनी 'तपास मंडळ' काढलं. घरातून दुकानात जाणाऱ्या दाराशी खडूची पूड पसरली, आणि रविवारी तुला पाहायला पाठवलं. का, तर तू सगळ्यात लहान! तू पांढराफटक होऊन आलास आणि म्हणालास, आत भूत आहे, पुडीवर पाऊलच नाही, त्याला पाय नाहीत. नकटीची बोबडीच वळली. पुन्हा आपण त्या दाराकडे फिरकलो नाही. काय सुरेख भीती होती रे ती!

पण गाडं शेवटाशी अडलंय. प्रकाशक म्हणतात, भूत कोण ते सांगा, नाहीतर गोष्ट वगळा. ही वगळली तर त्या पुस्तकात माझं असं काय उरलं? तुला काही आठवत असेल तर कळव.

लोभ आहेच. उत्तराला उशीर केलास तर कमी करीन.
तुझी,
ताई

ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे. मन मात्र तुझ्या पत्राने दुखलं. ताई, मी तुम्हाला थाप मारली होती.

पुडीत पावलं होती, चांगली ठसठशीत. उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. तसा अंगठा आपल्या घरात एकाच माणसाचा. दार किलकिलं होतं. आई बाबांच्या खुर्चीत बसली होती, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, बांगड्या काढून टेबलावर ठेवलेल्या. बाबा शेजारी उभे राहून सांगत होते. त्यांचे हात थरथर कापत होते.

का कोण जाणे, हे आपण पाहायला नको होतं असं वाटलं. शर्टाच्या बाहीने पावलं पुसली, पूड सारखी केली आणि पळत आलो. बाबांच्या हाताचं केवढं नाव होतं! तेव्हा आईला विचारल्याशिवाय छापू नकोस. ती तिकडे एकटी असते, पत्र तूच घाल. मला एवढ्या वर्षांत विचारायचा धीर झाला नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
ढब्बू

ता. २३ जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं, बाबांचंच भिंग लावून.

ढब्बू सांगतो ते खरं आहे. बाबांचे हात कापायला लागले, तेव्हा बारीक काम त्यांनीच मला शिकवलं. पहिल्याच रविवारी एक स्प्रिंग उडाली. दोघं तासभर रांगत होतो, आणि निघाली कुठे, तर माझ्या अंबाड्यात! हसून हसून पुरेवाट झाली. पण बायकोच्या हातचं काम म्हटल्यावर कोणी घड्याळ टाकलं नसतं, आणि त्यांना ते सोसलं नसतं. म्हणून मी गप्प राहिले. वाईट वाटायचं गं. लोक त्यांच्या हाताची तारीफ करायचे आणि मी चहा आणून द्यायची.

ढब्बूला म्हणावं, ती बाही मीच धुतली. खडू पाहिला आणि सगळं उमगलं. त्या रात्री त्याला दोन घास जास्त वाढले. तो बोलला नाही, मीही नाही. एवढंसं पोर, किती वर्षं वाहिलंन! आता खाली ठेव म्हणावं.

नकटीला पुस्तक धाड. फार घाबरली होती बिचारी.

बाबा गेले, दुकान गेलं, आता कोणापासून लपवायचं? छाप. पण भूत काढून टाकू नकोस बाई, मुलांना घाबरायला आवडतं. फक्त शेवटी दार उघडलं की भुताच्या हातात बांगड्या दाखव. आवाज होऊ नये म्हणून मी दर रविवारी त्या काढून बसायची. पुस्तकात तरी वाजू देत.

तुझी,
आई