रिकामी ठेवलेली ओळ

बाई, तुमची ती जाड वही मी पुन्हा सुरू केली आहे, फक्त आता तिला कागद नाही. सानगडीजवळच्या माझ्या शाळेत सहावीची पोरं टॅबवर एकच पान उघडतात आणि सगळी मिळून एक निबंध लिहितात. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकाच जागी बोटं घातली, एकमेकांचं पुसलं, आणि एका पोरीने मलाच विचारलं, "मॅडम, तुम्हाले तरी येते का हे?" नव्हतं येत. मग तुमच्यासारखी प्रत्येकाला एकेक ओळ वाटून दिली आणि गाडी रुळावर आली.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली मी करडीला तुमच्या चौथीत होते. निबंध अख्ख्या वर्गाचा, ओळ एकेकाची. रोवण्याच्या दिवसांत निम्मा वर्ग भात लावायला धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणून शाळा सुटली की वही पिशवीत घालून तुम्ही बांधावर यायचात आणि राहिलेल्यांकडून ओळ लिहून घ्यायचात. एकदा गैरहजर मैत्रिणीच्या ओळीवर मी माझंच पुढचं वाक्य लिहायला घेतलं, तर तुम्ही पेन्सिल काढून घेतलीत. "तिची जागा कायले खाऊन राहिली? येईन ना थे." माझा राग आठवडाभर टिकला. पुढच्याच आठवड्यात तुम्ही आमच्या बांधीवर आलात, तेव्हा मायने सांगितलं, "पोट्टी नाही बाई, मामाच्या गावाले गेली." दिवाळीनंतर तुमची बदली पलीकडे, गोंदियात झाली. तुम्ही वारल्याचं मला साकोलीच्या बसस्टँडवर कळलं, तेही वर्षभराने. त्यालाही आता बारा वर्षं होतील.

परवा ऐन रोवण्यात एका पोरीची ओळ रिकामी होती. दुपारच्या खिचडीआधी निबंध शेजारच्या गावच्या शाळेला पाठवायचा होता. पोरं म्हणाली, "थे नाही येत मॅडम, टाका पुसून." माझं बोट गेलंही होतं पुसायला, आणि तुमची ती पेन्सिल आठवली. तिच्या मायच्या फोनवर लिंक पाठवली आणि आम्ही थांबलो. खिचडी निवत होती, पोरं चुळबुळत होती. मग भिंतीवरच्या टीव्हीत दिसणाऱ्या आमच्या पानावर, त्या रिकाम्या ओळीत एकेक अक्षर उमटायला लागलं: "मी बांधीत हावो. बाबाचा शर्ट घातला हाये, हसू नका."

अख्खा वर्ग उभा राहिला. खाली धडाधड उत्तरं पडायला लागली, "नाही हसत", "जेवली का?", "फोटो टाक". तिने टाकला की हो. गुडघाभर चिखल, लोंबत्या बाह्या आणि बत्तीसच्या बत्तीस दात. मला आनंद आवरेना. डोळे पुसले, तर पोरांना वाटलं खिचडीत मिरची जास्त झाली.

हे मी त्या पानावर लिहीत नाही, पोरं लगेच खाली प्रश्न टाकतील. हा कागद माझ्या कपाटातच राहील. मामाच्या गावाला मी गेलेच नव्हते, बाई. रोवायला उपटलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्यांच्या ढिगामागे बाबांचा शर्ट घालून बसले होते, आणि माझ्या ओळीची जागा सोडून तुम्ही खाली रेघ मारलीत, ते तिथूनच पाहिलं.