रविवारच्या सदरातली आई

प्रिय दादा,

तुझ्या पुस्तकाची निमंत्रणपत्रिका मिळाली. जाड कागद, सोनेरी अक्षरं, आणि मुखपृष्ठावर आईचा तो खिडकीतला फोटो. फोटो छान आहे. काढताना तिला विचारलं नव्हतंस, म्हणून छान आलाय. तिला कळलं असतं तर तिने तोंड फिरवलं असतं.

परवा टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. नगरपालिकेच्या बातम्या देणारा पोरगा एवढ्या मोठ्या वृत्तसमूहाचा प्रमुख कसा झाला, असं त्या मुलीने विचारलं. तू चष्मा काढून म्हणालास, "मी फक्त माणसांचं ऐकत गेलो." मी एकटीच मोठ्याने हसले. ऐकतोस तू, हे खरंच. घरात तुझ्याइतकं कान देऊन कुणीच कुणाचं ऐकलं नाही.

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू तिच्या उशाशी बसला होतास. भुलीची गुंगी अजून उतरायची होती. तिने तुझा हात धरून आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, की बाबा फिरतीवर असताना ती एकदा आपल्या दोघांना आणि एक सुटकेस घेऊन घर सोडून निघाली होती. बसस्टँडवर शेवटची बस सुटेपर्यंत बसली आणि परत आली. बाबांना हे कधीच कळलं नव्हतं. "कुणाला बोलू नकोस," म्हणाली. तू कुणाला बोलला नाहीस. छापलंस. 'सुटलेली बस' हे शीर्षकसुद्धा अगदी नेमकं होतं.

त्या रविवारी बाबांनी चहा पिता पिता तुझं सदर वाचलं. पेपरची घडी घातली आणि आईला विचारलं, "खरं आहे हे?" ती "हो" म्हणाली. त्यांचं एकमेकांशी झालेलं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर जे काही असेल ते माझ्यामार्फत. तिला सांग, भाजीत मीठ कमी आहे. तिला सांग, माझा सदरा इस्त्रीला दे. आई दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. मी तिला तेच पुन्हा सांगायची आणि ती मान डोलवायची. बाबा गेले तेव्हा मी पायाशी होते, ती उशाशी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, डोळ्यांवर उजेड येतोय." आईने दिवा मालवला. मला सांगावंही लागलं नाही.

तुला त्या लेखाबद्दल पुरस्कार मिळाला. "हा माझ्या आईचा आहे," असं तू भाषणात म्हणालास आणि स्वतःच्या घरी घेऊन गेलास. पुढे संपादक झालास, मग काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसलास. अर्ध्या कार्यालयाला घरी पाठवलंस आणि पुढच्याच रविवारी 'रिकाम्या खुर्च्या' लिहून स्वतःच्या उडालेल्या झोपेबद्दल वाचकांना रडवलंस. तुला मथळे द्यायला ज्यांनी शिकवलं, त्यांचा उल्लेख त्यात 'एक ज्येष्ठ सहकारी' असा होता. त्यांनाही तू मेसेज करूनच काढलं होतंस.

मग तुझ्याकडचं सगळं लिहून झालं आणि तू पुन्हा आईकडे आलास. टेबलावर फोन ठेवून रेकॉर्डिंग चालू केलंस आणि म्हणालास, "आई, अजून सांग ना काहीतरी." तिने तुझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?"

मलाही ते खरंच वाटलं होतं. पण तुझी गाडी फाटकाबाहेर पडली आणि ती म्हणाली, "गेला का? पंखा वाढव जरा. आणि दूधवाल्याचा फोन लाव, काल पाणीच घातलं होतं त्याने."

दादा, आई काहीही विसरली नव्हती. तुझ्या शाळेतल्या मित्रांचे वाढदिवससुद्धा तिला पाठ होते. विसरली ती फक्त तू आल्यावर, तू असेपर्यंत. तुला वाटलं, तिची स्मृती चालली. डॉक्टरला दाखवू, असं एकदाही म्हणाला नाहीस. 'आई मला विसरतेय' मात्र लगेच सुरू केलंस. दर रविवारी मी तिला ते वाचून दाखवायची. तू तिला घास भरवतोस, केस विंचरतोस, ती तुला 'बाबा' म्हणते. ती हसून हसून खोकायची. "हा मला कधी रे भरवायला आला होता?" असं पेपरलाच विचारायची.

एकदाच ती हसली नाही. त्या दिवशी तू तिच्यासमोर खरंच रडलास. फोन खिशात होता, बोलणंही काही नव्हतं. तू गेल्यावर ती खिडकीशी बसून राहिली. मग मला म्हणाली, "पुढच्या वेळी आला की ओळख दाखवते. बस्स झालं आता. पोरगं आहे माझं." तुला आवडते म्हणून तिने मुद्दाम धुतलेली चादर घालून ठेवली होती तुझ्या पलंगावर. रविवारी पेपर आला. तुझं रडणं त्यात होतं, पहिल्या परिच्छेदापासून. तिने मला पुढचं वाचू दिलं नाही. चादर काढून घडी करून ठेवली.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तू गेल्या आठवड्यात फोन करून विचारलंस, समारंभाला आईला चाकांच्या खुर्चीतून आणता येईल का, लोकांना तिला बघायचंय. मी म्हणाले, ती झोपलीय. आई त्याच्या आदल्या दिवशी गेली होती. सगळं उरकलंही होतं. तुला कळवू नको, असं तिनेच बजावलं होतं, शुद्धीत, माझं मनगट घट्ट धरून. "तो येईल आणि बघत बसेल," म्हणाली. उद्या 'आई मला विसरतेय'च्या पुस्तकाचं प्रकाशन आहे, आणि उद्याच सकाळी तुमच्या प्रतिस्पर्धी पेपरात निधनाची छोटी बातमी येईल. 'त्यांच्या पश्चात एक मुलगी आहे.' एवढंच. काउंटरवरच्या माणसाने मजकूर वाचून विचारलं, "मुलगा नाही का?" मी म्हटलं, आहे, पण आई त्याला विसरली होती. पेपरात आलं होतं की.

तुझीच,
धाकटी