उणे अर्धी विहीर

मुखेड, रविवार

चि. सौ. सिंधु हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे लातूरच्या घराचा जिना चढण्याइतके बरे असावेत असे गृहीत धरतो; नसल्यास हे पत्र खालच्याच खोलीत वाचावे. इकडे आम्ही सुखरूप आहोत. तुझ्या वहिनीला मात्र सर्दी झाली असून तिचे कारण योग्य क्रमाने पुढे येईल.

दहावीनंतर माझी नात अक्षरा हिला तुझ्याकडे ठेवून लातूरच्या क्लासला घालावे, या तुझ्या प्रस्तावाला मी दोन वर्षे विरोध केला. नांदेडच्या महाविद्यालयात पस्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला आणि पावकी, निमकी, पाउणकीचे पाढे आजही झोपेत म्हणणारा आजोबा घरी असता (किती मोठ्याने म्हणतो, ते वहिनीला विचार) क्लास निरर्थक ठरतो, हा माझा युक्तिवाद. अक्षराने वाद घातला नाही, पैज लावली. विहिरीपासून म्हशींच्या नव्या हौदापर्यंत पाइप टाकायचा होता. मधे डोक्याएवढी उंच तूर, त्यामुळे सरळ टेप धरता येईना. तेव्हा अंतर मी आलेखावरून काढावे. पाइप पुरला तर ती मुखेडलाच शिकेल, न पुरला तर लातूर.

बांधावरची चिंच हा मी आरंभबिंदू मानला व शंभर फूट हे एकक. हौद चिंचेच्या उजवीकडे पावणेदोन, वर सव्वातीन. विहीर डावीकडे अर्धा, वर पाव. (अपूर्णांक दिसले की हल्लीची मुले घाम पुसतात म्हणे.) उभा फरक तीन. आडव्या फरकापाशी अक्षरा म्हणाली, "आबा, विहीर चिंचेच्या डाव्या अंगाला हाय. उणे अर्धा धरा की." मी शांतपणे समजावले की उणे म्हणजे अभाव, जिला बारा महिने पाणी आहे, जिच्यात आपल्या आईच्या दोन घागरी पडल्या, ती विहीर शून्याहून कमी असू शकत नाही. "बरं," एवढेच ती म्हणाली. (आपल्या घराण्यातील स्त्रियांच्या या शब्दाचे मला एव्हाना भय वाटायला हवे होते.) पावणेदोनातून अर्धा गेला, उरला सव्वा, सव्वाचा वर्ग, तीनचा वर्ग, बेरजेचे वर्गमूळ नेमके सव्वातीन. इतके निर्मळ उत्तर चुकीचे असेल, ही शंका तुलाही आली नसती. तीनशे पंचवीस फूट पाइप आणला.

आम्ही नारळ घेऊन हौदापाशी उभे. शेजारचे किशनराव पाइप ओढत तुरीत शिरले आणि तिथूनच म्हणाले, "सर, पाइप सरला की हो. हौद लई लांब हाय अजून." त्यांचे हे विधान प्रत्यक्षावर आधारलेले आहे की अनुमानावर, असे विचारून, उत्तराची वाट न पाहता मी मोटर सुरू करवली.

पाइपाचे तोंड तुरीतून फणा काढून उठले. प्रथम किशनराव भिजले, मग आरतीच्या ताटासह तुझी वहिनी, मग मी. किशनराव धैर्याने पाइपावर बसले. तो त्यांना घेऊन दोन ओळी पुढे गेला. म्हशींनी कोरडा हौद सोडला आणि त्या कसलेही सूत्र न वापरता पाण्याकडे चालू लागल्या. मी चिखलात बसलो, आणि सिंधु, मला जे हसू सुटले ते आवरेना.

अक्षराने वही पुढे केली. उणे अर्धा वजा करायचा म्हणजे मिळवायचा. फरक सव्वादोन, वर्गमूळ पावणेचार. खाली लिहिले होते: "पन्नास फूट कमी पडणार." तारीख पाइप आणण्याच्या आदल्या दिवसाची.

सबब माझा विरोध मी विनाअट मागे घेतो. सर्वांस यथायोग्य सांगावे.

तुझा,
निवृत्तीदादा

ता. क. वरच्या खोलीत तिच्यासाठी एक खाट ठेवावी.

आणखी ता. क. दोन ठेवाव्यात. मागच्या बाकावर वयाची अट नाही, असे क्लासवाल्यांकडून फोनवर कळले. मी तिच्यावर लक्ष ठेवायला येतो आहे, असेच सर्वांना सांग. तिने मात्र तुझ्या वहिनीला, आपण आबांवर लक्ष ठेवायला जातोय, असे कबूल करून परवानगी मिळवली आहे.