वेगळं ताट

प्रिय तेजस,

सप्रेम जय भीम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडण्याआधी वाच.

तुझ्या बोटावर पहिली गाठ आली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मग ती फुटली आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओळीनं गाठी उठल्या. ऐन मे महिन्यात तू लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागलास. विचारलं तर, "काय नाय गं आई, टेन्शन नको घेऊ." असं म्हटल्यावर कुठली आई टेन्शन घेणार नाही? मी तुझे खिसे तपासले. वाशीच्या स्किनच्या डॉक्टरची चिठ्ठी सापडली, त्यावर रक्ततपासणी. झालं, माझ्या डोक्यात भलभलतं शिरलं. तू कुणाबरोबर फिरतोस, रविवारी कुठे जातोस, सगळ्याचा संबंध मी त्या गाठींशी लावला. तू शेवटी म्हणालास, बुरशी आहे. बुरशी पावाला लागते, माणसाला नाही, असं मी तुला सुनावलं. म्हटलं, पोरगा थापा मारतोय.

आधी तुझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला. मग ताट वेगळं, पेला वेगळा, आणि भाजी वरून वाढली. तू बघितलंस. जेवलास, ताट स्वतः घासलंस आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून रबाळ्याला मित्राच्या खोलीवर गेलास. तेव्हाही मला वाटलं, मनात पाप असल्याशिवाय कुणी असं जात नाही. काय आई मिळाली बघ तुला!

तुझे गुलाब गॅलरीतच राहिले. पौर्णिमेला विहारात फुलं न्यायची म्हणून तूच त्यांची निगा राखायचास. या खेपेला वाळक्या फांद्या मी छाटल्या. काटा रुतला. पंधरा-वीस दिवसांनी तिथेच गाठ, मग वर दुसरी. घाबरून त्याच डॉक्टरकडे गेले. गाठीचा तुकडा काढून तपासला. बुरशीच निघाली, मातीतली, काट्यावाटे कातडीच्या खालच्या थरात गेलेली. काही महिने गोळ्या घ्यायच्या, बरं होतं. माणसापासून माणसाला लागत नाही म्हणाले. मी ते दोनदा विचारलं.

तुझी आजी वेणूबाई सांगायची, गावात तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. ऐकून मी रडायचे. आणि तिच्याच लेकीनं तिच्या नातवाला वरून वाढलं.

गोळ्या मध्येच सोडू नकोस. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मी तुझ्याच वेगळ्या ताटात जेवते आहे. परवा पौर्णिमा आहे, माझ्या हातानं फुलं खुडवत नाहीत. तू घरी ये, आणि ते ताट तुझ्या हातानं बाकीच्या ताटांत ठेव. मला ते ठेवायचा धीर होत नाही.

तुझीच,
आई
(राजश्री, कोपरखैरणे)